नव्या माणसाच्या हातातला पहिला रंधा

शनिवारी संध्याकाळचा चहा झाला की मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरतो आणि दोन रंध्यांची पाती व एक पटाशी घेऊन धार लावायला बसतो. ही हत्यारे माझ्या कामाची नसतात. रविवारी सकाळी आमच्याकडे जो कोणी पहिल्यांदा येणार असेल त्याच्यासाठी ती तयार ठेवायची असतात, आणि गेली चार वर्षे हे काम गटाने माझ्याकडे सोपवले आहे. सोपवले म्हणण्यापेक्षा ते मीच मागून घेतले असे म्हणणे खरे ठरेल. त्यामागचे कारण जरा लाजिरवाणे आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

आमचा गट हे काही फार मोठे प्रकरण नाही. विजेवर चालणारी यंत्रे न वापरता, केवळ हाताच्या हत्यारांनी सुतारकाम करण्याची हौस असलेली आम्ही पंधरा-सोळा माणसे पुण्यात कोथरूडला एका सदस्याच्या जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये दर रविवारी सकाळी जमतो. त्यात संगणकावर काम करणारे सर्वाधिक, एक दंतवैद्य, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, दोन शिक्षक आणि एकच खरे सुतार, ज्यांना आम्ही सगळेजण मिस्त्री म्हणतो. त्यांनी चाळीस वर्षे हे काम पोटासाठी केले. आम्ही ते आठवड्यातून चार तास करतो आणि उरलेले दिवस त्याविषयी बोलतो.

पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवाकोरा रंधा. ते म्हणाले, “हा लाकूड नुसता ओरबाडतो. माझं काय चुकतंय ते कळावं म्हणून आलोय.” पुढचा पाऊण तास आम्ही त्यांचे जे केले त्याला आम्ही त्या वेळी स्वागत समजत होतो. एकाने रंधा उलटा करून त्यावर पोलादी पट्टी धरली आणि तळ सपाट नसल्याचा निकाल दिला. दुसऱ्याने पात्याचे पोलाद कुचकामी ठरवले आणि नवा घेण्याऐवजी जुन्या बाजारातून घ्यायला हवा होता, असे सुनावले. तिसऱ्याने धारेचे दगड कोणते वापरता असे विचारले आणि दगडच नाहीत हे ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. सर्वांत वाईट मी वागलो. मी त्यांना कागदावर आकृती काढून २५ अंशांची मूळ उतरण आणि तिच्यावरची ३० अंशांची बारीक कड यांतला फरक समजावला, तोही इतक्या आनंदाने की समोरचा माणूस घड्याळाकडे पाहतो आहे हे मला दिसले नाही. त्यांनी सगळे वहीत लिहून घेतले, रंधा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला, सर्वांचे आभार मानले आणि “पुढच्या रविवारी येतो” म्हणून ते गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत.

मिस्त्री त्या दिवशी गावी गेले होते. पुढच्या आठवड्यात हा प्रसंग त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “त्यांना धार लावून दिलीत का?” मी म्हणालो, धार लावून नाही दिली, पण सगळी माहिती दिली. त्यावर ते म्हणाले, “माहिती काय साहेब, दुकानदारपण देतो.”

त्या गृहस्थांची अडचण काय होती हे इथे नीट सांगायला हवे, कारण हाती रंधा घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली अडचण तीच असते. दुकानातून आणलेला साधा लोखंडी रंधा हा तयार रंधा नसतो. त्याचे पाते कारखान्यात यंत्रावर घासून त्याला उतार दिलेला असतो, पण धार लावलेली नसते. त्या उतारावर घासकामाचे ओरखडे तसेच असतात आणि पात्याची पाठ, म्हणजे उताराच्या उलटी बाजू, सपाट केलेली नसते. धार ही दोन गुळगुळीत पृष्ठभाग जिथे मिळतात तिथली रेघ असल्यामुळे एक बाजू कितीही चकचकीत केली तरी पाठीवरचे ओरखडे शेवटी धारेपर्यंत पोचतातच. शिवाय पात्याच्या पाठीवर स्क्रूने आवळलेली दुसरी एक पट्टी असते, तिची कड पात्याला नीट चिकटून बसली नसेल तर त्या फटीत लाकडाची साल अडकते, मागची त्यावर येऊन आदळते आणि पाच-सहा फेऱ्यांत रंध्याचे तोंड बुजून जाते. हे काहीच ठाऊक नसलेला माणूस असा रंधा लाकडावर रेटतो, रंधा उड्या मारतो, फळीवर खड्डे पडतात आणि माणूस असे समजून चालतो की दोष आपल्या हाताचा आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण दुसऱ्याला सहज ऐकवतो, पण इथे अंगण खरोखरच वाकडे असते आणि नाचणारा बिचारा स्वतःच्या पायांना दोष देत घरी जातो.

त्या गृहस्थांना पंधरा मिनिटांत पाते घासून दिले असते आणि त्यांच्याच रंध्याने त्यांच्याच हातून एक अखंड साल निघाली असती, तर ते कदाचित आज आमच्यात असते. कदाचित नसतेही. पण ते निदान आपले काही चुकले नव्हते हे समजून घरी गेले असते.

नव्या माणसाला आत कसे घ्यायचे हे मी प्रत्यक्ष पाहिले ते त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. वास्तुरचनेचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. दारातच उभी राहून तिने विचारले की मी नुसते पाहिले तर चालेल का. मिस्त्रींनी मान हलवली, पण तोवर त्यांनी पाइनची एक हातभर लांब फळी, ती पुढे सरकू नये म्हणून बाकावर असलेल्या अडणीला टेकवून ठेवली होती. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी फळीच्या संपूर्ण अंगावर लहान मूल गिरगटते तशा आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि आपला शिसवी रंधा तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “ताई, ह्या रेघा पुसायच्या. खोडरबर समजा.” हा रंधा त्यांनी स्वतः घडवलेला, लाकडाचा, पाते पाचरीने ठोकून बसवलेला, मूठ धरण्याची जागा इतक्या वर्षांत काळी आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली. तिने रंधा ढकलला. पहिल्या खेपेला तो मध्येच थांबला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त तिचा मागचा पाय टाचेने थोडा मागे सरकवायला सांगितला. दुसऱ्या खेपेला रेशीम फाडल्यासारखा एक लांब आवाज झाला आणि रंध्याच्या तोंडातून कागदाहून पातळ साल गोल गोल वळत वर आली, तिच्यावर पेन्सिलच्या तुटक रेघा तशाच उमटलेल्या होत्या. मुलीने ती उचलून उजेडात धरली, मग नाकाशी नेली. मिस्त्री तोवर चहा आणायला निघून गेले होते.

पेन्सिलच्या रेघांची ती युक्ती किती विचारपूर्वक आहे हे मला नंतर कळले. फळी कुठे उंच आहे आणि कुठे खोल, हे सांगण्यासाठी शब्द लागत नाहीत. जिथे रेघ पुसली गेली ती जागा उंच होती, जिथे राहिली तिथपर्यंत रंधा अजून पोचलेला नाही. ज्याला काहीच येत नाही त्यालाही आपले काम कुठवर आले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, दर दोन मिनिटांनी कुणाला विचारावे लागत नाही. न विचारता पुढे जाता येणे ही नवख्या माणसाला मिळणारी फार मोठी मोकळीक आहे, असे मला वाटते. तो आधीच संकोचलेला असतो.

तेव्हापासून आम्ही पहिल्या रविवारचे काही संकेत पाळतो. एका नव्या माणसाजवळ एकच जुना माणूस असतो. बाकीच्यांनी आपापले काम करायचे, मध्येच येऊन “मी सांगू का” असे म्हणायचे नाही. हा नियम आमच्या गटात सर्वांत जास्त वेळा मोडला जातो आणि मोडणारांत माझा क्रमांक वरचा आहे. पहिल्या दिवशी हत्यारांची नावे सांगायची नाहीत, ती वापरता वापरता कळतात. लाकडाचे रेशे कोणत्या बाजूला चढतात एवढे मात्र बोटाने दाखवायचे, कारण उलट्या रेशांवर रंधा मारला की सर्वांत धारदार पात्यानेही टवके निघतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्याचा दाखला आमच्याकडे सर्रास दिला जातो आणि तो लहानमोठ्या सर्वांना लगेच समजतो. तास-दीड तासात फळीचा एक चेहरा आणि एक कड सरळ व्हावी एवढीच अपेक्षा असते. ती फळी माणसाने घरी न्यायची. तिच्यापासून काहीही बनलेले नसते, तरी बहुतेक जण ती ठेवून देतात. दंतवैद्यांची त्यांच्या दवाखान्यात काउंटरवर अजून आहे, तिच्यावर ते चाव्या ठेवतात.

धार लावायला कधी शिकवायचे, यावर आमच्यात जुना वाद आहे. काहींचे म्हणणे असे की धार हाच या कामाचा पाया आहे, तेव्हा ती आधी शिकवावी, नाहीतर माणूस दुसऱ्याच्या धारेवर जगायला शिकतो. युक्तिवाद चुकीचा नाही. पण चांगल्या धारेचा रंधा हाताला कसा लागतो हे ज्याने अनुभवलेच नाही, त्याला आपण घासतो आहोत ते कशासाठी आणि थांबायचे कधी, हे कळण्याचा काही मार्गच नसतो. ज्याने कधी गूळ चाखलेला नाही त्याला पाकाची तार समजावण्यासारखे ते आहे. म्हणून धार दुसऱ्या रविवारी. तीही महागड्या दगडांवर नाही: दहा मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा आणि त्यावर पाणी टाकून चिकटवलेले ४००, १००० व २००० नंबरांचे वॉटर पेपर. पाते घासत गेले की पाठीमागे लोखंडाची अतिशय बारीक कड वळून येते, ती डोळ्यांना दिसत नाही पण अंगठा पाठीवरून धारेकडे आडवा फिरवला की खरखर लागते. ही खरखर पात्याच्या पूर्ण दोन इंच रुंदीभर लागली की पुढच्या कागदावर जायचे. ती सापडली की माणसाचा चेहरा बदलतो, आणि तिथून पुढे शिकवणाऱ्याचे काम बरेच हलके होते.

दुसरा हमखास प्रश्न खरेदीचा. नवा माणूस येतो तो बहुधा मोबाइलवर यादी घेऊनच येतो, आणि त्या यादीत वीस-पंचवीस हत्यारे असतात. आमचे उत्तर ठरलेले आहे: महिनाभर काहीही घेऊ नका, इथली वापरा. त्यानंतर एक पाच नंबरचा रंधा, म्हणजे चौदा इंच लांबीचा, जो खडबडीत फळीपासून बऱ्यापैकी साफ कामापर्यंत सगळीकडे चालतो. एक चार सुतांची, म्हणजे अर्धा इंच रुंद, आणि एक सहा सुतांची पटाशी. एक बारीक दातांची करवत आणि काटकोन पाहायचा एक गुण्या. रंध्यांचे हे नंबर अमेरिकेतून आलेले आहेत. लेनर्ड बेली नावाच्या कारागिराने स्क्रूने पाते पुढेमागे करता येईल असे रंधे बनवले, १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले, आणि तीच घडण आज जालंधरमध्येही ओतली जाते. त्यामुळे चार नंबर, पाच नंबर म्हटले की रविवार पेठेतल्या बोहरी आळीतला दुकानदारही तेच काढून देतो. जुनी हत्यारे हवी असतील तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, पण तिथे पहिल्यांदा जाताना सोबत कुणीतरी असावे. गंज वरवरचा आहे की पात्याच्या पाठीत खड्डे पडलेले आहेत हे ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

गुण्या मात्र कुठूनही घेतला तरी दुकानातच तपासून घ्यावा, आणि ही तपासणी मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून दाखवतो कारण ती हातोहात करता येते. एखाद्या फळीची सरळ कड घ्यायची, तिला गुण्याची जाड बाजू टेकवायची आणि पात्याला लागून टोकदार पेन्सिलने एक रेघ ओढायची. मग गुण्या पालथा करून त्याच रेघेच्या पायथ्यापासून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर खोटा, आणि जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी त्याची चूक. एका दुकानात मी ओळीने पाच गुण्ये तपासून पाचवा घेतला तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून विसरलेलो नाही, पण पुढच्या वेळी त्याने स्वतःहून कोरा कागद पुढे केला.

लाकडाविषयी थोडक्यात. नव्या माणसाला सागवान देऊ नये. ते महाग आहे म्हणून तर खरेच, पण सागाच्या अंगात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते धार लवकर मारतात. सुरुवातीला धार का गेली हे माणसाला कळत नाही. खोक्यांचे पाइन किंवा आंबा बरा. पुढे हात बसला की पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळते, त्याच्यासारखे काम करायला सुख नाही, फक्त रंधा लावण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवायला विसरू नये. शंभर वर्षांच्या तुळईत कुठल्या पिढीने कंदील टांगायला खिळा मारला असेल ते सांगता येत नाही, आणि तो खिळा सापडतो तो नेमका नुकत्याच धार लावलेल्या पात्याला.

आता मला ज्याविषयी अधिक लिहायचे आहे त्याकडे वळतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक नवखा हा काही कामाला नवखा नसतो. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या नात्यातला एक तरुण आला. वय तिशीच्या आत, सहा-सात वर्षे फर्निचरच्या साइटवर काम केलेला; प्लायवूड, सनमायका, ड्रिल, कटर यांवर त्याचा हात असा की आमच्यापैकी कुणीही त्याच्या जवळपास जाणार नाही. पण भरीव लाकडात हाताने कुसू, म्हणजे टोकाला जिभेसारखा पुढे येणारा भाग, काढून तो खोबणीत बसवणे त्याने कधी केले नव्हते, कारण साइटवर त्याची गरजच पडत नाही आणि ठेकेदार त्यासाठी दिवस देत नाही. तो येऊन कोपऱ्यात उभा राहिला. आमच्यातल्या एका हौशी संगणक अभियंत्याने मोठ्या उत्साहाने त्याला पटाशी कशी धरावी हे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला राग म्हणता येणार नाही, ते एक प्रकारचे अवघडलेपण होते, आणि ते पाहून मला स्वतःला कानकोंडे झाले.

बारा बलुतेदारांतला सुतार गावाचे नांगर, पेरणीची पाभर आणि बैलगाडीची चाके करीत असे. बाभळीचा नांगर दर हंगामाला दुरुस्तीला यायचा, चाकाचा मधला तुंबा, आरे आणि घेराचे लाकडी पुठ्ठे एकमेकांत बसवून वर लोखंडी धाव चढवली की ते चाक खडकाळ वाटेवर वर्षानुवर्षे चालायचे, आणि त्या सगळ्याचे मोल सुगीला खळ्यावर धान्यात मिळायचे. या कामात लागणारे सांधे आज आम्ही रविवारी सकाळी चहा पीत, एकमेकांना दाद देत करतो. ज्याला आम्ही छंद म्हणतो ते त्या मुलाच्या आजोबांचे पोट होते, आणि ते पोट भरेना म्हणूनच त्याच्या वडिलांनी ती हत्यारे बाजूला ठेवली असणार. त्याला आम्ही त्याच्याच घरातली विद्या इंग्रजी नावांनी परत द्यायला निघालो होतो. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण हेतू चांगला असला म्हणजे अवघडलेपण कमी होते असे नाही.

मिस्त्रींनी त्या दिवशी मध्ये पडून वेगळाच मार्ग काढला. आमच्या गॅरेजचा दरवाजा पावसात फुगून घासत होता आणि आम्ही तिघे जण दोन आठवडे त्याच्यावर चर्चा करीत होतो. त्यांनी त्या मुलाला सांगितले, “हे दार यांना जमेना, तू बघ.” त्याने दार बिजागरीतून उतरवले, कडेला हात लावून पाहिले, आमचाच एक रंधा मागून घेतला, त्याचे पाते डोळ्यापुढे धरून थोडे आत घेतले आणि वीस मिनिटांत दार बसवले. त्यानंतर त्याने मोकळेपणाने विचारले की ते कुसू काढताना खांद्याची, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिथली, रेघ चारी बाजूंना जुळते कशी. त्याला उत्तर देण्यासाठी या वेळी आम्ही एकच माणूस पुढे केला. आता तो महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. साइटचे काम असले की येत नाही, आणि त्याबद्दल त्याला कुणी टोकत नाही. येतो तेव्हा तो आम्हाला कामाचा वेग शिकवतो. एका सांध्यावर तीन रविवार घालवणाऱ्या आम्हा मंडळींना त्याची गरज आहे.

त्या प्रसंगानंतर शब्दांच्या बाबतीतही आम्ही थोडे सावध झालो. व्हिडिओ पाहून आलेल्या माणसाला ‘जॅक प्लेन’ आणि ‘टेनन’ माहीत असतात, पण मिस्त्री “दोन सूत सोड” म्हणाले की तो गोंधळतो. एका इंचाचे आठ सूत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. उलट साइटवरच्या माणसाला सूत पाठ असतो आणि टेनन म्हणजे कुसूच, हे कळले की तो हसतो. दोघांनीही न लाजता विचारावे म्हणून आम्ही बाकाच्या मागच्या भिंतीवर खडूने दोन्हीकडचे शब्द लिहायला सुरुवात केली. ती भिंत आता भरली आहे. काही शब्दांवर अजून एकमत नाही: डव्हटेलला एकजण कबुतरी सांधा म्हणतो, मिस्त्री त्याला काहीच म्हणत नाहीत, नुसती दोन बोटे एकमेकांत अडकवून दाखवतात.

एका गोष्टीत मात्र आम्ही नव्या माणसाशी अजिबात मऊ वागत नाही. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने पटाशी रेटणे दिसले की काम तिथेच थांबवले जाते, मग तो कुणी का असेना. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी तीन टाक्यांची खूण आहे, ती मी प्रत्येकाला दाखवतो. बोथट पटाशीने लागत नाही हा गैरसमजही तेव्हाच दूर करावा लागतो. बोथट हत्यार जोराने रेटावे लागते आणि सुटले की त्याच जोराने हातात घुसते. माझी त्या दिवशी बोथटच होती.

खंडेनवमीला आम्ही आपापली हत्यारे आणून बाकावर मांडतो. त्या वर्षात आलेल्या नव्या माणसांनी स्वतः धार लावलेले एक तरी पाते आणावे, असा आमचा प्रघात आहे. मिस्त्री प्रत्येक पाते उचलून मनगटावरचे चार केस उतरवून पाहतात, आणि मग त्यांचे मनगट दसऱ्याला तुळतुळीत असते. हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे आणि त्या दिवशी काम करायचे नाही एवढाच विधी. पण कुणाची धार कशी लागली आहे हे सगळ्यांना न बोलता समजते.

उद्या तिघे येणार आहेत. त्यातल्या एक शिक्षिका आहेत. त्यांनी दूरध्वनीवर सगळे विचारून झाल्यावर शेवटी, जणू क्षमा मागत, सांगितले की मी डावखुरी आहे, तर चालेल ना. मी चालेल म्हणालो, फोन ठेवला आणि मग लक्षात आले की आमचा बाक भिंतीला चिकटून आहे आणि फळी अडवायची अडणी त्याच्या डाव्या टोकाला आहे. उजव्या हाताचा माणूस रंधा डावीकडे ढकलतो, त्याला ती तिथेच हवी. डावखुऱ्या माणसाला ती उजवीकडे लागते, म्हणजे त्याने बाकाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहायला हवे, आणि पलीकडे तर भिंत आहे. इतक्या वर्षांत हे कुणाला खटकले नव्हते.

म्हणून आज दुपारी आम्ही चौघे जण गॅरेजवर गेलो आणि बाक भिंतीपासून हातभर पुढे ओढला. सागवानी बाक, फार जड. मिस्त्रींनी पायांखाली गोणपाट घालायला सांगितले नसते तर फरशीवर ओरखडे उठले असते. मागे घोटाभर भुसा आणि साली साठल्या होत्या, त्यांत दोन पेन्सिली, दंतवैद्यांनी तीन वर्षे शोधलेला सहा इंची गुण्या आणि एक वाळलेले लिंबू निघाले. गुण्या गंजला आहे. मिस्त्रींनी त्याच्या दोन रेघा ओढून पाहिल्या, अजून खरा आहे.